बंगळुरूत प्लास्टिक पिशवी: पथविक्रेत्यांसाठी माहिती

थोडक्यात
तुम्ही बंगळुरूत भाजी, फळे, फुले किंवा कपडे विकत असाल, तर गिऱ्हाइकाला प्लास्टिकची पिशवी देता येत नाही, मग ती पातळ असो वा जाड. कर्नाटक सरकारने ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेने ही बंदी घातली. पिशवी बनवणे, पुरवणे, विकणे आणि वापरणे, सगळे तिच्यात येते.

"१२० मायक्रॉनची पिशवी चालते ना?"
घाऊक दुकानदार असे सांगू शकतो. १२० मायक्रॉनचा नियम आहे, पण तो केंद्राचा. ३१ डिसेंबर २०२२ पासून त्याहून पातळ पिशवी देशात कुठेही चालत नाही. कर्नाटकचा नियम याहून कडक आहे, म्हणून इथे तोच पाळावा लागतो. पिशवीवर '१२० मायक्रॉन' छापलेले असले तरी ती बंगळुरूत चालत नाही, बेळगावातही नाही.

फसवणूक टाळा
• कापडासारखी दिसणारी 'नॉन-वोव्हन' पिशवी बहुधा प्लास्टिकचीच असते. तिच्यात उभे-आडवे धागे नसतात, दाबलेले बारीक ठिपके दिसतात.
• नुसते 'बायो' किंवा 'इको' लिहिलेले पुरेसे नाही. कंपोस्टेबल पिशवी बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते. विकत घेण्यापूर्वी ते मागा.

काय चालते?
• कापडी, तागाची किंवा कागदी पिशवी.
• कारखान्यातच सीलबंद झालेले वेष्टन, उदा. दुधाची पिशवी, बिस्किटांचा पुडा.
तयार खाद्यपदार्थ मात्र वर्तमानपत्रात बांधून देऊ नका. अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यालाही मनाई आहे.

पिशव्या सापडल्या तर?
पिशव्या जप्त होतात आणि दंड भरावा लागतो. दंड भरल्यावर पावती अवश्य घ्या आणि जपून ठेवा. तुम्ही पीएम स्वनिधीचे कर्ज घेतले असेल, तर हेही लक्षात ठेवा: भांडवल दंडात गेले तरी कर्जाचा हप्ता चुकत नाही.

गिऱ्हाइकाला काय सांगाल?
इथे प्लास्टिक पिशवीला 'कव्हर' म्हणतात. कुणी "कव्हर कोडी" म्हणाले, तर "कव्हर इल्ला, चीला तन्नी" असे सांगा. म्हणजे, कव्हर नाही, पिशवी घेऊन या. हेच कन्नडमध्ये पुठ्ठ्यावर लिहून गाडीला लावा. अडलेल्या गिऱ्हाइकासाठी थोड्या कापडी पिशव्या जवळ ठेवा आणि त्यांची किंमत आधीच सांगा.