लोकरीच्या लडींपासून दोनशे प्रश्नांपर्यंत

मे-जून २०२५ मध्ये शिक्षक होऊ इच्छिणारे राज्यभरातील उमेदवार संगणकासमोर बसून एक परीक्षा देत होते. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी हे तिचे नाव. डिसेंबर २०१७ मध्ये ती प्रथम झाली, २०२३ मध्ये दुसऱ्यांदा आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा. प्रश्न २००, त्यांपैकी १२० अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे. वेळ १२० मिनिटे. भागाकार केला तर एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात. शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर उमेदवाराचा क्रम या गुणांवर ठरतो.

ही गोष्ट केवळ शिक्षकांपुरती नाही. तलाठी, बँक, रेल्वे यांची भरती याच मार्गाने होते. बांभोरी, शिरपूर, फैजपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांनाही मुलाखतीचे दार दिसण्याआधी खाजगी कंपन्यांच्या लांबलचक संगणकीय चाचण्या ओलांडाव्या लागतात. साक्री किंवा रावेर तालुक्यातला एखादा माजी विद्यार्थी आपल्याला गाठून विचारतो, "सर, एवढे प्रश्न कशासाठी? यातून त्यांना काय कळते?" आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. कोणतेही उपकरण हाती आले की ते नेमके काय मोजते आणि किती अचूक मोजते, हे आधी तपासायची आम्हाला सवय. तीच तपासणी या चाचण्यांना लावू, म्हणजे त्या मुलाला उत्तर देता येईल. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

लाल की हिरवा?

सुरुवात रेल्वेपासून करू. भुसावळ हे रेल्वेचे गाव. तिथल्या कित्येक घरांत इंजिन चालकांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. रेल्वेत शिरण्यापूर्वी डोळ्यांची तपासणी होते आणि तीत रंग ओळखावे लागतात, हे त्या घरांतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. या तपासणीचा उगम मात्र स्वीडनमध्ये आहे.

नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन नऊ माणसे दगावली. उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक फ्रितिओफ होल्मग्रेन यांनी शंका काढली की, चालकाला सिग्नलचा रंगच नीट ओळखता आला नसेल. पुढच्याच वर्षी त्यांनी एका रेल्वेमार्गावरील २६६ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. साधन अगदी साधे होते: रंगीत लोकरीच्या लडी. एक लड हाती द्यायची आणि ढिगातून तिच्याशी जुळणाऱ्या छटा निवडायला सांगायचे. २६६ पैकी १३ जण रंगांध निघाले. ते रोज झेंड्या आणि दिवे पाहून काम करीत होते!

लागरलुंडाचा अपघात खरोखरच रंगांधतेमुळे झाला का, याविषयी अलीकडच्या संशोधकांनी शंका व्यक्त केली आहे. चाचणी मात्र टिकली आणि देशोदेशीच्या रेल्वेंनी स्वीकारली. पुढे १९१७ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांची ठिपक्यांच्या आकड्यांची पुस्तिका आली. या चाचणीची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवू. ती काही मिनिटांत संपते. आणि ती जे तपासते त्याचा कामाशी असलेला संबंध कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

असेच दुसरे उदाहरण जळगाव-धुळ्याच्या जुन्या टंकलेखन संस्थांचे. टंकयंत्रांची खडखड ऐकत मॅट्रिक झालेली मुले तिथे तासन्‌तास बोटे चालवीत. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द व इंग्रजीचा ४० शब्द असे माप आहे. टंकलेखकाला नोकरीत टंकलेखनच करायचे, म्हणून परीक्षेतही टंकलेखनच. मानसशास्त्रात याला 'कार्यनमुना चाचणी' म्हणता येईल: कामाचाच एक तुकडा करून दाखवायचा. यंत्राच्या जागी आता संगणक आला, तरी तत्त्व बदललेले नाही. गंमत अशी, की टंकलेखनाची ही शासकीय परीक्षा घेणारी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदच शिक्षकांची दोनशे प्रश्नांची चाचणीही घेते. एकाच संस्थेच्या छपराखाली दोन अगदी वेगळ्या कुळांतल्या परीक्षा नांदतात.

गर्दीसाठी परीक्षा

हे दुसरे कूळ अमेरिकेत वाढले. १९१३ मध्ये स्टार्च व एलियट या संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली. शंभरपैकी तीसच्या खालपासून नव्वदच्या वरपर्यंत गुण पडले! तपासणाऱ्याच्या मर्जीवर गुण अवलंबून राहू नयेत, म्हणून दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायची पद्धत पुढे आली. कॅन्सस राज्यातील फ्रेडरिक केली यांनी १९१४ च्या सुमारास तयार केलेली वाचन-चाचणी ही तिची सुरुवात मानतात. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख सैनिकांना अशा चाचण्या दिल्या गेल्या. वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा', न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'बीटा'.

तपासणीचे काम यंत्राकडे गेले ते एका शाळाशिक्षकामुळे. मिशिगन राज्यात विज्ञान शिकवणाऱ्या रेनॉल्ड जॉन्सन यांनी पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, या साध्या गोष्टीचा उपयोग केला. उत्तराच्या जागी पेन्सिलीची खूण असेल, तर तिथून सूक्ष्म प्रवाह जातो आणि यंत्र गुण मोजते. आयबीएम कंपनीने त्यांना १९३४ मध्ये नोकरीवर घेतले आणि १९३८ च्या सुमारास हे यंत्र बाजारात आले. याच जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली पुढे १९५६ मध्ये संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार झाली.

आपल्याकडे बँकांच्या भरतीसाठी १९७५ मध्ये सुरू झालेली निवड सेवा १९८४ मध्ये 'आयबीपीएस' ही स्वतंत्र संस्था झाली. व्यवस्थापन शिक्षणाची 'कॅट' २००९ मध्ये संगणकावर गेली. त्यानंतरच्या दशकात सरकारी भरतीही झपाट्याने त्याच वाटेने गेली. कारण उघड आहे. रेल्वेच्या २०१९ च्या एका भरतीत सुमारे ३५ हजार जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आले होते. एवढ्यांची मुलाखत कोण घेणार? गाळणी लागणारच.

गाळणीची जाळी कुणाच्या मापाने विणलेली आहे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे लवकर विचारला गेला. अमेरिकी सैन्याच्या चाचणीत स्वयंपाकाच्या एका स्निग्ध पदार्थाचे व्यापारी नाव ओळखा, असा प्रश्न होता. नुकत्याच आलेल्या स्थलांतरिताला ते कुठून माहीत असणार? धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली आणि १९४० मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. परक्या भाषेतले प्रश्न नुसते भाषांतरित करून चालत नाहीत, हा त्यांच्या कामाचा धडा. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला छापील मराठीतला आडवळणाचा प्रश्न वाचायलाच ३६ सेकंदांतली किती लागत असतील, हा प्रश्न त्याच धड्यातला आहे.

लांबी का वाढते?

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. प्रश्न इतके का? याचे उत्तर १९१० मध्ये चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे दिले. बी.एड. ला शिकलेली 'विश्वसनीयता' आठवावी: तीच चाचणी, किंवा तिच्यासारखी दुसरी, पुन्हा दिली तर निकाल कितपत सारखा येतो याचे माप. ते ० ते १ मध्ये असते. चाचणी त्याच प्रकारच्या प्रश्नांनी 'न' पट लांब केली, तर नवी विश्वसनीयता अशी मिळते: जुन्या विश्वसनीयतेला 'न' ने गुणायचे, आणि त्या गुणाकाराला १ + (न − १) × जुनी विश्वसनीयता याने भागायचे.

समजा, २० प्रश्नांच्या चाचणीची विश्वसनीयता ०.५० आहे. ४० प्रश्न केले तर ती ०.६७ होईल, ८० केले तर ०.८०, २०० केले तर ०.९१ आणि ४०० केले तर ०.९५. म्हणजे प्रश्न वाढवण्यात खरोखर फायदा आहे. एखाद्या अंदाजपंचे उत्तराचा किंवा एका चुकीचा परिणाम बोथट होतो. दहा प्रश्नांवर कुणाची नोकरी ठरवणे अन्यायाचे होईल. पण फायदा हळूहळू आटत जातो, हेही आकडे सांगतात. शेवटच्या दोनशे प्रश्नांनी फक्त ०.०४ ची भर घातली.

आणि सर्वांत महत्त्वाचे: या सूत्रात 'सप्रमाणता' कुठेच नाही. जे मोजायचे तेच आपण मोजतो आहोत का, याविषयी ते एक अक्षरही बोलत नाही. केळीच्या घडाचे वजन दहा वेळा करा, दहाही वेळा तेच येईल. त्यावरून केळे आतून कसे आहे ते कळणार नाही. अकराव्यांदा वजन केल्यानेही कळणार नाही.

मग चाचणीचे गुण आणि पुढचे प्रत्यक्ष काम यांचा संबंध किती? १९९८ मध्ये श्मिट व हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. सामान्य बुद्धिमत्तेच्या चाचणीचा कामगिरीशी सहसंबंध त्यांना ०.५१ आढळला, कार्यनमुना चाचणीचा ०.५४. २०२२ मध्ये सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आकडेमोडीतल्या दुरुस्त्या अवाजवी होत्या, असे दाखवले. त्यांच्या हिशेबाने बुद्धिमत्ता चाचणीचा आकडा ०.३१ वर आला, कार्यनमुन्याचा ०.३३ वर, आखीव प्रश्नांच्या मुलाखतीचा सर्वांत वर, ०.४२. सहसंबंधाचा वर्ग केला की उलगडा होतो: ०.३१ चा वर्ग सुमारे ०.१०. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्याचा जेमतेम दशांश या गुणांशी जोडता येतो. हे आकडे प्रामुख्याने परदेशातल्या नोकऱ्यांचे आहेत, तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे. चाचणी निरुपयोगी नाही; लाखोंच्या गर्दीत दशांशही उपयोगी पडतो. पण एका गुणाच्या फरकाने वर लागलेला उमेदवार खाली लागलेल्यापेक्षा चांगला शिकवेल, असे म्हणायला तिच्यात काही आधार नाही.

दोनशेपैकी २१४

संगणकाने आणखी एक गुंता आणला. संगणक मर्यादित, म्हणून परीक्षा अनेक सत्रांत. सत्रे अनेक, म्हणून प्रश्नपत्रिका वेगळ्या. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मधील तलाठी परीक्षा ५७ सत्रांत झाली आणि साडेआठ लाखांहून अधिक उमेदवारांनी ती दिली. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली, तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत कुणाला २१४ गुण, हे पाहून गदारोळ झाला.

ही बेरजेतली चूक नव्हती. एका सत्राची सरासरी ९० आणि दुसऱ्याची ११० असेल, तर पहिली प्रश्नपत्रिका कठीण होती असे धरून तिच्या उमेदवारांचे गुण वर सरकवतात. गुणांचा पसाराही जुळवून घेतात. या सामान्यीकरणात कठीण सत्रातला १९५ गुणांचा उमेदवार २०० च्या पलीकडे सहज जातो. गणित बरोबर आहे. मात्र सर्व सत्रांतले उमेदवार सरासरीने सारख्याच कुवतीचे होते, हे त्यात गृहीत धरलेले असते. ते गृहीतक परीक्षेआधी साध्या भाषेत समजावले असते, तर निकालाच्या दिवशी इतका अविश्वास निर्माण झाला नसता. मोजमापाची रीत झाकून ठेवली, की बरोबर मोजमापही संशयास्पद ठरते.

रेल्वेने याच चौकटीत एक वेगळी वाट ठेवली आहे. सहायक लोको पायलट पदासाठी सर्वसाधारण लेखी टप्प्यांनंतर संगणकावरच पण निराळी चाचणी होते. तिचे पाच भाग: स्मरण, सूचनांचे पालन, खोलीचे आकलन, एकाग्रता आणि आकलनाचा वेग. प्रत्येक भागात ४२ हा किमान टी-गुण मिळवावाच लागतो. एका भागातली उणीव दुसऱ्यातल्या गुणांनी भरून निघत नाही. सिग्नल चुकवणाऱ्या चालकाची स्मरणशक्ती उत्तम असून काय उपयोग! लोकरीच्या लडींचा विचार इथे अजून जिवंत आहे. आधी कामाकडे पाहा, मग प्रश्न काढा.

शिक्षकाच्या कामाकडे असे पाहिले तर काय दिसेल? अपूर्णांक न समजलेल्या मुलाची नेमकी अडचण ओळखणे, वर्ग सांभाळणे, तीच गोष्ट तिसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत सांगणे. यातले ३६ सेकंदांच्या पर्यायांत किती मावते? गाळणी म्हणून चाचणी असावी. पण तिच्या पुढच्या टप्प्यात वीस मिनिटांचा एक पाठ प्रत्यक्ष घ्यायला लावणे, सर्वांना तेच निकष लावून तो पाहणे, हे टंकलेखनाच्या परीक्षेइतकेच जुने शहाणपण आहे. त्याला माणसे, वेळ आणि प्रामाणिक परीक्षक लागतात. त्यांचा खर्च टाळला, की तो उमेदवाराच्या खात्यावर पडतो: शुल्क, प्रवास आणि वर्षानुवर्षांची तयारी.

शेवटी एक प्रयोग, वर्गात करण्याजोगा. चाळीस वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी घ्या. प्रत्येक मुलाचे सम क्रमांकांच्या व विषम क्रमांकांच्या प्रश्नांचे गुण वेगळे मांडा. दोन्ही याद्यांतले पहिले पाच तेच आहेत का, ते मुलांनाच तपासू द्या. नंतर त्याच विषयावरचा एखादा प्रत्यक्ष प्रयोग करायला सांगा आणि तिसरी यादी करा. पहिल्या दोन याद्या जुळल्या, तर विश्वसनीयता मुलांच्या हाती लागली. तिसरी त्यांच्याशी कितपत जुळते, यावर सप्रमाणतेची चर्चा सुरू होईल. उद्या हीच मुले जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या केंद्रात पडद्यासमोर बसतील. कमी गुण पडले तर आपण कमी आहोत असे मानण्याआधी, या उपकरणाने नेमके काय मोजले, असे विचारायला ती आपल्या वर्गातच शिकलेली असावीत.