हलक्या हाताची गोष्ट

पाय पसरून बसलेली बाई, तिच्या पायांवर उघडं बाळ, शेजारी कोमट तेलाची वाटी. हे आपल्याकडं इतकं रोजचं आहे, की त्यालाही काही इतिहास असेल हे आपल्या मनात येत नाही. आज आम्ही तोच सांगणार आहोत.

वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ तेराशे वर्षांहून जुना. त्यात सांगितलंय, की जन्माला येताना बाळ शिणतं, म्हणून त्याच्या अंगावर बलातेल सोडावं. बला म्हणजे आपल्या बांधावरचा चिकणा. बाळंतिणीचा शीण सगळ्यांना दिसतो, पण बाळाचाही शीण कुणाच्या तरी ध्यानात आला होता, हे वाचून आम्हाला बरं वाटलं. तेल कुठं किती दाबून लावायचं, हे मात्र सुईणींच्या आणि आज्यांच्या हातात राहिलं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

एकीचं नाव मात्र जगभर गेलं. फ्रान्सचे बाळंतपणाचे डॉक्टर फ्रेडरिक लबॉये कोलकात्याला आले होते. तिथल्या गरीब वस्तीत शांताला नावाची एक आई जमिनीवर बसून बाळाला तेल लावत होती. डॉक्टर बघतच राहिले. त्यांनी तिचे फोटो काढले आणि 1976 साली पुस्तक छापलं. पुस्तकाचं नावच ‘शांताला’. आज ब्राझीलमध्ये बाळाच्या मालिशला शांतालाच म्हणतात. 2017 साली तिथल्या सरकारनं ती सरकारी आरोग्यसेवेत घेतली. कुठलं कोलकाता आणि कुठलं ब्राझील!

त्या काळी मोठ्या दवाखान्यांत दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना पेटीत ठेवत आणि होईल तेवढा हात कमी लावत. अमेरिकेत मायामीला टिफनी फील्ड या बाईंनी अशा काही बाळांना दिवसातून 3 वेळा, 15-15 मिनिटं, 10 दिवस हळुवार चोळून पाहिलं. 1986 साली त्यांनी निकाल छापला. दूध सारखंच पाजूनही या बाळांचं वजन रोज 47 टक्के जास्त वाढलं होतं. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं, हे विसरू नका. आपल्याकडं बाळ कमी वजनाचं असलं, तर आधी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारायचं.

आता आपल्या घरचं. जगानं आपल्याकडून हलका हात उचलला, आणि आपण? आपण कडक हाताचं कौतुक करतो. नाक ओढायचं, डोकं दाबून गोल करायचं, छाती पिळून दूध काढायचं, नाकाकानात तेल सोडायचं, पाय धरून उलटं लटकवायचं. बाळ किंचाळलं की म्हणायचं, अंग मोकळं झालं! आम्हाला हे अजिबात पटत नाही. बाळ रडतंय म्हणजे ते ‘नको’ म्हणतंय. नाकाकानातलं तेल तर धोक्याचंच, ते नाकातून छातीत उतरू शकतं.

आमच्या गटात बाळांना न्हाऊ घालणाऱ्या एक मावशी आहेत. आधी तळहात एकमेकांवर चोळून ऊन करतात, मग बाळाशी बोलत बोलत पायांपासून वर येतात. बाळ तोंड फिरवायला लागलं की थांबतात. त्यांच्या हाताखाली बाळं झोपून जातात. तरी एका घरानं त्यांना दहाव्या दिवशी बंद केलं. कारण काय, तर “बाळ रडतच नाही, मग मालिश कसली?” त्यांचे राहिलेले पैसे मागायला आम्हाला चौघींना जावं लागलं.

पैसे मिळाले. पण मावशींच्या मनाला ते लागलं. म्हणून हे भाषण आम्ही मुद्दाम सकाळी आठला लावून घेतलंय, घरोघरी तेलाची वाटी बाहेर येते त्या वेळेला.