स्क्रीनवरचा रंग खरा कसा ओळखायचा? कॅलिब्रेशन आणि प्रोफाइलिंग म्हणजे नेमकं काय?

फोटोत मोरपंखी दिसलेली पैठणी घरी आल्यावर घडी उलगडली तर हिरवी निघते. दुकानदारानं फसवलं असं वाटणं साहजिक आहे. पण अनेकदा दोष कॅमेरा आणि स्क्रीनचा असतो.

डिजिटल फोटोत रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे. नेहमीच्या जेपेग फोटोत ते 0 ते 255 मध्ये असतात. मात्र तेच आकडे दोन स्क्रीनवर वेगळे रंग दाखवू शकतात, कारण पॅनेल वेगळं, ब्राइटनेस वेगळा. टीव्हीच्या शोरूममध्ये एकच मॅच लावलेले पाच टीव्ही शेजारी-शेजारी पाहा, मैदान पाच तऱ्हांचं हिरवं दिसेल.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइलिंग हे शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरले जातात, ते चूक आहे. घड्याळ बरोबर वेळेला लावणं म्हणजे कॅलिब्रेशन. ते रोज किती पुढे जातं याची नोंद ठेवणं म्हणजे प्रोफाइलिंग. मॉनिटरवर कलरिमीटर नावाचं छोटं यंत्र टेकवतात, सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं आणि यंत्र तो मोजतं. पांढरा रंग साधारण 6500 केल्विनवर आणि गॅमा 2.2 वर आणतात. तरीही उरलेला फरक आयसीसी प्रोफाइल या फाइलमध्ये नोंदवला जातो. 1993 मध्ये अ‍ॅपल, अडोबी, कोडॅकसह आठ कंपन्यांनी स्थापन केलेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमवरून हे नाव आलं.

कॅमेऱ्यासाठी 24 रंगीत चौकोनांचा चार्ट वापरतात. साडीच्याच उजेडात त्याचा रॉ फोटो काढला की सॉफ्टवेअर मूळ रंगांशी तुलना करून प्रोफाइल बनवतं. खिडकीच्या उजेडातलं प्रोफाइल ट्यूबलाइटखाली चालत नाही.

सोशल मीडियासाठी फोटो एसआरजीबीमध्ये सेव्ह करणं सुरक्षित. अडोबी आरजीबीमधला फोटो प्रोफाइलशिवाय अपलोड झाला, तर बहुतेक ठिकाणी फिका दिसतो.

एवढं करूनही ग्राहकाच्या फोनवर नाइट मोड किंवा ‘व्हिव्हिड’ सेटिंग सुरू असेल, तर रंग बदलणारच. खरेदीआधी ते बंद करून पाहावं. शिवाय काही गडद मोरपंखी छटा एसआरजीबीच्या मर्यादेत बसतच नाहीत. धूपछाव पैठणीची तर गोष्टच वेगळी. तिचे उभे-आडवे धागे दोन रंगांचे असतात, त्यामुळे कोन बदलला की रंगही बदलतो. अशा साडीचा व्हिडिओ मागवलेला बरा.