सुट्या भागांचें यंत्र

घरगुती संगणक ही वस्तु मोठ्या कारखान्यांनीं सिद्ध करून लोकांच्या हातीं दिली, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत आम्हांस नेहमीं आढळतो. तो इतिहासाला धरून नाहीं. अमेरिकेंत ही वस्तु प्रथम लोकांच्या घरांत शिरली ती मुख्यत्वें सुट्या भागांच्या रूपानें.

१९७५ च्या जानेवारींत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' या यंत्राचें चित्र आलें. न्यू मेक्सिकोंतील अल्बुकर्क येथील एमआयटीएस या लहानशा कंपनीचे एड रॉबर्ट्स यांनीं तें रचिलें होतें. मौज अशी कीं, चित्रांतली पेटी आंतून पोकळ होती. खरें यंत्र मासिकाकडे पाठवितांना वाटेंतच गहाळ झालें होतें! तरीहि सुमारें ४०० डॉलर भरून सुटे भाग मागविणारांची रीघ लागली. घेणारानें एकेक सांधा स्वहस्तें डाख देऊन जोडावा, आणि अखेरीस हातीं काय यावें? २५६ बाइटांची स्मृति. इंग्रजी छपाईच्या चारेक ओळी मावतील एवढी जागा! कळफलक नाहीं, पडदा नाहीं. खटके वरखालीं करून आज्ञा द्यावी आणि दिव्यांच्या लुकलुकण्यावरून उत्तर ओळखावें.

परंतु या यंत्रांत एक मोठा गुण होता. त्याचीं निरनिराळीं कार्डें शंभर टोंकांच्या एकाच प्रकारच्या सांध्यांत बसत. तो सांधा समजून घेऊन इतरांनींहि त्यांत बसणारीं स्मृतीचीं कार्डें करून विकावयास आरंभ केला. रॉबर्ट्स यांस हें रुचलें नाहीं. तथापि तोच सांधा 'एस-१००' या नांवानें सर्वांचा झाला व १९८३ सालीं त्यास अधिकृत प्रमाणाचा दर्जा मिळाला.

१९८१ च्या ऑगस्टांत बलाढ्य आयबीएमनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' काढला, तोहि बव्हंशीं इतरांकडून घेतलेल्या भागांचा. आणि त्याची अंतर्रचना पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. कायद्याचें कुंपण राहिलें तें 'बायॉस' नामक मूळ आज्ञासंचाभोंवतीं. कॉम्पॅक कंपनीनें त्याची नक्कल न करितां तेंच कार्य करणारा नवा संच लिहविला व १९८२ सालीं त्याच धर्तीचें यंत्र जाहीर केलें. पुढें १९९५ मध्यें इंटेलनें 'एटीएक्स' हें माप ठरविलें. म्हणूनच आज एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याची पेटी व तिसऱ्याचा वीजपुरवठा हे निमूटपणें एकत्र नांदतात.

याची प्रचीति आम्हांस पन्नाशी उलटल्यावर आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून भाग आणून आम्हीं घरीं संगणक जुळविला. कळ दाबतांच पंखे फिरूं लागले. पडदा मात्र काळाच! बऱ्याच शोधाअंतीं प्रोसेसरला वीज देणारी स्वतंत्र तार जोडावयाची राहिल्याचें उघडकीस आलें. चूक आमची होती आणि ती आमची आम्हांस सांपडली. त्या रात्रीं विंडोज बसवून पहिलें अक्षर उमटविलें, तेव्हां झालेला आनंद तयार यंत्र विकत घेऊन आम्हांस कधींहि झाला नव्हता.

आज कित्येक लॅपटॉपांत स्मृति मदरबोर्डावरच कायमची डाखलेली असते. यंत्र पातळ व हलकें झालें हें खरें. पण स्मृति बिघडली तर ती बदलण्याची सोय घरच्या माणसास उरली नाहीं. घरगुती संगणक वाढला तो उघड्या सांध्यांमुळें. ते सांधे एकेक करून बुजत असतां आपण केवळ सोयीकडेच पाहावें काय, याचा वाचकांनीं विचार करावा.