एका दिवसाची परीक्षा आणि वर्षभराची पारख

विद्यार्थ्याची पारख कशी केली जाते, यावर त्याला काय शिकविले जाते हे पुष्कळदा ठरते. महाराष्ट्रातील शालेय मूल्यमापनाचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

१८५४ च्या वूड यांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा केला. पुढे मुंबई इलाख्यात हे अनुदान परीक्षेच्या निकालावर मोजले जाऊ लागले. सरकारी निरीक्षक मुलांची परीक्षा घेत आणि त्यावर शाळेची मिळकत ठरे. साहजिकच, जे विचारले जाईल तेवढेच घोकून घेण्याकडे कल वाढला. १८५९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेने हा कल अधिकच दृढ केला. १९०४ च्या सरकारी ठरावाने निकालावरील अनुदान त्याज्य ठरविले. घोकंपट्टी मात्र वर्गात टिकून राहिली.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) शाळेतील नोंदींना अंतिम निकालात स्थान देण्याची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मूल्यमापन ही अखंड चालणारी प्रक्रिया मानली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या विचारास कायद्याचे बळ दिले आणि २०१० मध्ये महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीत वर्गातील आकारिक नोंदींना ७० टक्के, तर सातवी-आठवीत ४० टक्के भारांश मिळाला. भाषेत प्रकटवाचन व संभाषण, गणितात बाजारहाटाचा हिशेब, विज्ञानात प्रयोग, भूगोलात परिसराचा नकाशा, अशा कृतींतून मुलाची समज पाहण्याची सोय झाली.

तथापि पटसंख्या मोठी आणि नोंदवह्या अनेक, अशा स्थितीत काही ठिकाणी छापील नमुन्यातील वाक्ये उतरविणे एवढेच काम उरले. मूल कुठे अडते हे नोंदीतून कळेना, तेव्हा परीक्षेची मागणी पुन्हा बळावली. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा लागू केली.

या साऱ्या वाटचालीचा बोध एवढाच, की दोष केवळ परीक्षेचा नव्हता आणि गुणही केवळ नोंदवहीचा नव्हता. हिशेबात हातचा विसरणाऱ्या मुलाची चूक हेरून दुसऱ्या दिवशी शिक्षक त्याला तेच उदाहरण वेगळ्या रीतीने समजावून देतात, तेव्हाच मूल्यमापन सार्थ होते.