पेट्रोलची पिचकारी व तिच्यावरील आळ

पन्नास वर्षांपूर्वींची मोटार विकत घेणाऱ्या हौशी माणसाचा पहिला आनंद फार वेळ टिकत नाहीं. गाडी घरीं येते, दोन दिवस डौलानें फिरते, आणि तिसऱ्या दिवशीं सुरूच होत नाहीं. झालीच तर खोकत, काळा धूर ओकत चालते. गाडीला कार्ब्युरेटर असेल तर कोणीहि जुना मिस्त्री हात घालावयास तयार असतो. परंतु पेट्रोल पिचकारीनें सोडण्याची, म्हणजे फ्यूएल इंजेक्शनची, योजना तींत असली कीं तोच मिस्त्री मान हलवितो आणि म्हणतो, "साहेब, हें सगळें काढून टाका आणि साधा कार्ब्युरेटर बसवा." हा सल्ला कितपत न्याय्य आहे, हें आजच्या भाषणांत पाहावयाचें आहे.

श्रोतेहो, कार्ब्युरेटरांत इंजिनाकडे ओढली जाणारी हवा आपल्याबरोबर पेट्रोल घेऊन जाते. पिचकारींत तें दाबाखालीं मोजून सोडलें जातें. हा भेद १९४० सालीं आकाशांत दिसून आला. ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानानें नाक एकदम खालीं केलें कीं त्याचें कार्ब्युरेटरवर चालणारें मर्लिन इंजिन क्षणभर अडखळे. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ मधील डेमलर-बेन्झ इंजिनाला पिचकारी असल्यानें तें बेधडक सूर मारी. १९४१ मध्यें बिॲट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईंनीं पेट्रोलच्या मार्गांत बसविलेल्या लहानशा छिद्राच्या चकतीनें ब्रिटिशांची अडचण बरीच कमी केली.

युद्धानंतर ही विद्या मोटारींत आली. १९५४ सालीं न्यू यॉर्क येथें मर्सिडीज-बेन्झची ३०० एसएल ही गाडी लोकांपुढें मांडली गेली. तिचा पंप इंजिनावरच चाले. त्यामुळें किल्ली बंद केल्यावरहि इंजिन थांबेपर्यंत तो पेट्रोल सोडीत राही, आणि तें न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचें तेल धुऊन खालीं चेंबरांत उतरे. गाडी चालविणाऱ्याला तेल वरचेवर बदलावें लागे, एवढाच त्याचा अर्थ.

खरी बदनामी झाली ती अमेरिकेंत. बेंडिक्स कंपनीनें विजेच्या साहाय्यानें पेट्रोल मोजणारी 'इलेक्ट्रोजेक्टर' नांवाची योजना काढली आणि क्रायस्लर कंपनीनें १९५८ च्या थोड्याशा गाड्यांना ती बसविली. इंजिनाजवळची उष्णता व धक्के त्या काळच्या विद्युत् भागांना सोसले नाहींत, आणि त्यांपैकीं बहुतेक गाड्यांवर पुढें कार्ब्युरेटर चढले. मिस्त्रीच्या सल्ल्याचा पूर्वज शोधावयाचा तर तो येथें सांपडतो, असें मला वाटतें. वस्तुतः कल्पना चुकली नव्हती. तिचे पेटंट हक्क जर्मनीच्या बॉश कंपनीकडे गेले आणि १९६७ सालीं फोक्सवॅगन १६०० गाडीवर बॉशची डी-जेट्रॉनिक आली. अमेरिकेंत मोटारींच्या धुरावर निर्बंध येऊं लागले होते, त्यांना हें उत्तर होतें.

डी-जेट्रॉनिकची पेटी स्वतः कांहींच पाहात नाहीं. मॅनिफोल्डमधील दाब, इंजिनाची उष्णता आणि डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट यांच्याकडून येणाऱ्या खबरांवर ती पिचकाऱ्या किती वेळ उघड्या ठेवावयाच्या तें ठरविते. उष्णतेची खबर देणारी तार तुटली, तर पेटीला वाटतें इंजिन गोठलेलें आहे. ती भरमसाट पेट्रोल सोडते, प्लग भिजतात, आणि मालक पेटीलाच दोष देतो. मुलगा नापास झाला कीं प्रथम शाळा बदलणारे पालक मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतलाच हा प्रकार.

१९७३ मध्यें पोर्शे ९११ टी गाडीवर आलेली के-जेट्रॉनिक याहून निराळी. तींत हवेच्या झोतानें एक चकती उचलली जाते व तिच्या जोरावर एक बारीक दांडा वर सरकून पेट्रोलला वाट देतो. गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली तर पेट्रोलचा चिकटा धरून हा दांडा अडकतो. आतां गंमत पाहा. मॅनिफोल्डच्या रबरी नळीला चीर पडून चोरटी हवा आंत शिरली, तर के-जेट्रॉनिकला ती मोजतांच येत नाहीं आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडतें. डी-जेट्रॉनिक मात्र तोच वाढलेला दाब पाहून उलट जास्त पेट्रोल देते. चीर एकच, लक्षणें परस्परविरुद्ध. आपल्या गाडींत कोणती योजना आहे हें न पाहतां केलेली दुरुस्ती म्हणूनच वायां जाते.

तेव्हां नव्यानें घेतलेल्या जुन्या गाडीचा तपास टाकीपासून सुरू करावा. शिळें पेट्रोल काढावें, गाळणी बदलावी, आणि रबरी नळ्या तर न विचारतां बदलाव्या. आपल्याकडे २०२५ पर्यंत पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. जुन्या रबराला तें मानवत नाहीं, आणि दाबाखालचें पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळणें म्हणजे गाडीसकट घराला आग. मग पेट्रोलचा दाब मोजावा. डी-जेट्रॉनिकमध्यें तो दर चौरस इंचास सुमारें २८ पौंड असावा लागतो. त्यानंतर हवेची गळती, अर्थच्या तारा, गंजलेले जोड. पेटी उघडण्याची पाळी सर्वांच्या शेवटीं.

पूर्वींच्या मालकानें कार्ब्युरेटर आधींच बसविला असेल, तर व्यवहार ठरवितांनाच काढलेला पंप, पिचकाऱ्या व पेटी मागून घ्यावी. पुष्कळदां तीं सर्व विकणाऱ्याच्या माळ्यावर खोक्यांत तशींच पडलेलीं असतात.