पत्री पुलाचं पोलाद

कल्याण आणि ठाकुर्लीच्या दरम्यान रुळांवरून जाणारा जुना पत्री पूल १९१४ साली उभा राहिला आणि १८ नोव्हेंबर २०१८ च्या रविवारी उतरवला गेला. एकशे चार वर्षं त्यानं बैलगाड्या, टांगे, एसटी, प्रीमियरच्या कारखान्याकडे जाणारे ट्रक आणि शेवटी शीळफाट्याकडची सगळी वाहतूक पेलली. आमच्याकडे त्याचं नाव निघतं ते ट्रॅफिकच्या वैतागातून. मला ते पोलादाच्या निमित्तानं काढायचं आहे. वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ड्रॉइंग काढण्यात माझी उभी नोकरी गेली, आणि कामावर जाता-येता लोकलच्या खिडकीतून मी हा पूल खालून पाहत आलो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्याच्या पुढचं वर्ष कुणी सांगत नाही, आणि बांधकामाच्या दृष्टीनं खरं अवघड काम तेच होतं. ठाण्याच्या पुढे खाडी, खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली ती खाडी ओलांडून आणि मुंब्र्याजवळचे बोगदे पार करून. जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांची भिस्त तेव्हा मुख्यतः दगडावर होती. डोंगर फोडला की दगड मिळे, पाथरवट मिळत, चुना मिळे. लोखंड मात्र विलायतेहून जहाजानं यायचं.

पुढे १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट पार झाला, तसं कल्याण हे जंक्शन फुगत गेलं. रुळाला रूळ लागत गेले आणि मग गावातल्या माणसानं पलीकडे जायचं कसं, हा प्रश्न आला. इथं दगड कामाचा नव्हता. कमानीला जाड खांब लागतात, ते चालू रुळांमध्ये उभे करायचे कुठे? शिवाय कमान बांधताना खालून लाकडी आधार द्यावा लागतो, म्हणजे तेवढे महिने गाड्या बंद. लोखंडी गर्डर मात्र बाजूला जोडून आणून टेकवता येतो. पत्री पूल लोखंडी झाला त्यामागे कुणाची हौस नव्हती, त्या जागेची ती गरज होती. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात पोलादाची पहिली लगड १९१२ साली निघाली होती, म्हणजे टाटांचं पोलाद तेव्हा अवघं दोन वर्षांचं होतं. पारसिकचा मोठा बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब, व्हायला अजून दोन वर्षं होती. रेल्वेला वीज देणारं ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस १९२९ चं. थोडक्यात, हा पूल वाफेच्या इंजिनांच्या काळातला.

ही वाफ पुलाला फार महागात पडते. इंजिनाचा धूर सरळ वर येऊन गर्डरच्या पोटाला लागतो. कोळशात गंधक असतं. धूर आणि ओल एकत्र आली की त्याचं आम्ल होतं आणि ते पोलाद खात राहतं. वरून रंगवलेला, चकचकीत दिसणारा पूल खालच्या बाजूनं, फ्लँजच्या कडेला, पापुद्रे सुटल्यासारखा झालेला असतो. कोकणपट्टीतल्या चार महिन्यांच्या पावसात त्याला उसंत मिळत नाही. म्हणून माझ्या मते जुन्या पुलांचं आयुष्य मोजताना वर्षांइतकाच रंगाचा हिशेब पाहावा. एकशे चार वर्षं टिकलेल्या पुलाचं श्रेय जेवढं बांधणाऱ्यांचं, तेवढंच दोरीला लटकून वायरब्रशनं गंज खरवडून त्यावर रेड ऑक्साईड मारणाऱ्या गँगचं.

त्या काळची सगळी जोडणी रिव्हेटची. वेल्डिंग पुलांपर्यंत पोचायचं होतं. रिव्हेट म्हणजे काय, हे मला पुस्तकात कळलं नाही, तात्यांकडून कळलं. तात्या कोळसेवाडीचे. मी शॉपला लागलो तेव्हा ते निवृत्तीला आले होते. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. हवेच्या हातोड्याजवळ उमेदीची वर्षं घालवलेल्या रिव्हेटवाल्यांची ती ठरलेली खूण होती. चार माणसांची टोळी असायची. एक भट्टीवर. तो रिव्हेट नारिंगी होईपर्यंत तापवणार आणि चिमट्यानं उचलून भिरकावणार. दुसरा तो पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात घालणार. तिसरा मागून जड डॉली दाबून धरणार. चौथा समोरून हातोड्यानं दुसरं डोकं वळणार. हे सगळं रिव्हेट लाल असेपर्यंत, म्हणजे बोलायलाही वेळ नाही. गार होताना रिव्हेट आखडतो आणि प्लेटा एकमेकींवर आवळून धरतो. जोड घट्ट राहतो तो त्या आवळण्यानं.

दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या क्रेन गर्डरपाशी मी त्यांना विचारलं होतं, “तात्या, ढिला रिव्हेट ओळखायचा कसा?”

“बोट लाव इकडे. डोक्याच्या कडेला. अर्धं डोक्यावर, अर्धं प्लेटवर.”

मी लावलं. त्यांनी पलीकडून छोट्या हातोडीनं टकटक केलं. पहिल्या तीन रिव्हेटांना बोटाला काहीच कळलं नाही, फक्त आवाज आला. चौथ्याला बोटाखाली बारीक थरथर जाणवली.

“हां. तो गेला. खडूनं खूण कर.”

आज अल्ट्रासॉनिक यंत्रं आहेत, ती हवीतच. तरी जुना पूल तपासताना हीच टकटक पहिली असते.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि ठाण्याच्या पश्चिमेला शेडमागून शेड उभ्या राहिल्या. कळव्याला मुकुंदचा पोलादाचा कारखाना होता, सीमेन्स होती. डोंबिवलीत रसायनांचे कारखाने, कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर. या सगळ्या कारखान्यांची छपरं, क्रेनच्या पट्ट्या, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे कुणीतरी कापून, जोडून दिले होते. आमच्यासारख्या शॉपांचं पोट त्यावर चालायचं. इंजिनिअर गणित करून सांगायचा की इथं एवढ्या जाडीची प्लेट लागेल. पण त्या प्लेटला नेमकी कुठं भोकं पडतील, कोपरा किती छाटायचा, बोल्ट घातल्यावर पाना फिरायला जागा राहते का, हे ड्राफ्ट्समनच्या टेबलावर ठरायचं. मोठा जोड असला तर आमचे मार्करमास्तर शेडच्या सपाट फरशीवर खडूच्या दोरीनं तो पूर्ण मापात आखायचे आणि मग पत्र्याचं टेम्प्लेट कापायचे. गर्डर दोन असतात आणि एकमेकांचे आरसे असतात. डावीकडची गसेट प्लेट उजवीकडे चालत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यावर पंचानं खूण ठोकायची. रंग मारला तरी ती बोटानं वाचता आली पाहिजे, एवढी खोल.

सगळ्यात महत्त्वाची ट्रायल असेंब्ली. साईटवर पाठवण्याआधी अख्खा स्पॅन शॉपमध्येच जोडून बघायचा. कॅम्बर, म्हणजे मधला मुद्दाम दिलेला उंचवटा, दोरी ताणून तपासायचा. भोकं जुळली, बोल्ट हातानं आत गेले, की सगळं परत सोडवायचं आणि ट्रेलरवर चढवायचं. नवख्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. रेल्वेच्या रुळांवर काम केलेल्याला वाटत नाही. तिथं ब्लॉक मिळतो तासांत, आणि भोक जुळलं नाही म्हणून कुणी लोकल थांबवून ठेवत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला तीन पादचारी पूल उभारायला सांगितलं गेलं, त्यातला एक आपल्या कल्याणजवळ, आंबिवलीला. फेब्रुवारी २०१८ अखेर ते पूल खुले झाले. ते बेली पद्धतीचे. डोनल्ड बेली या ब्रिटिश इंजिनिअरनं दुसऱ्या महायुद्धात काढलेली ही रचना. दहा फूट लांबीचं पॅनेल सहा जवान उचलतात, पिना ठोकून एकाला एक जोडत जातात आणि पूल रांगत पलीकडे जातो. एकच पॅनेल कुठंही बसावं, डावं-उजवं असा भेदच राहू नये, ही त्यातली बुद्धी. ड्रॉइंगवर आयुष्य काढलेल्या माणसाला यापुढे हात जोडावेसे वाटतात.

मग ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. रेल्वे आणि आयआयटी मुंबईनं पुलांची तपासणी सुरू केली आणि ऑगस्टमध्ये पत्री पूल वाहनांना बंद झाला. शेजारच्या एका पुलावर सगळा भार आला. त्या दिवसांत कल्याणहून डोंबिवलीला रिक्षानं जाणं म्हणजे परगावचा प्रवास होता. रुग्णवाहिका अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. लोकांचा संताप रास्त होता. सप्टेंबर २०१९ मध्ये डोंबिवलीचा कोपर पूलही बंद झाला, तेव्हा तर पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या माणसाला एकमेकांचं घर लांब झालं.

पूल उतरवला त्या रविवारी सहा तासांचा मेगाब्लॉक होता. क्रेननं उचललेले भाग ट्रेलरवर चढत होते आणि त्यांवर रिव्हेटची गोल डोकी ओळीनं, अंतर न चुकता दिसत होती. १९१४ साली ती वळणाऱ्यांतलं एकही नाव आपल्याकडे नाही.

नव्या पुलाचं काम रस्ते विकास महामंडळाकडे गेलं. रेल्वेच्या हद्दीत मध्ये खांब न घेता रूळ ओलांडायचे, म्हणून गर्डर झाला ७६.६७ मीटर लांबीचा आणि सुमारे ७०० टन वजनाचा. हे ७०० टन पोलाद वितळवून ओतलं तर डोंबिवलीतल्या दहा फूट उंचीच्या, ३१५ चौरस फुटांच्या वन रूम किचनमध्ये मावेल. एवढ्याशा धातूनं पाऊणशे मीटर अंतर पेललं जातं, कारण तो नेमका जिथं हवा तिथंच ठेवलेला असतो. स्टील स्ट्रक्चरची सगळी विद्या या ठेवण्यात आहे.

गर्डरचे भाग हैदराबादला तयार झाले. मध्येच करोनाची टाळेबंदी आली. सुटे भाग आले, रुळांच्या कडेला जोडले गेले आणि २१ व २२ नोव्हेंबर २०२० ला, रोज चार तासांचे ब्लॉक घेऊन, गर्डर रुळांवर सरकवायला सुरुवात झाली. खाली ओव्हरहेड वायर, २५,००० व्होल्टची, तेवढ्या वेळापुरती बंद केलेली. असं लाँचिंग बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं. गर्डर हलताना दिसतच नाही. पण पुढचं टोक अधांतरी जसं वाढत जातं, तसा मागच्या आधारांवरचा भार सतत बदलत जातो आणि गर्डरचे जे भाग शेवटी ताणात राहणार, ते त्या काही तासांत दाबाखाली येऊ शकतात. हे सगळं आधी कागदावर मोजलेलं असावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजू सारख्याच पुढे आल्या का, हे टेपनं बघून ओरडून सांगणारा माणूस असतो. त्याचा आवाज चुकला तर अख्खा गर्डर तिरका होतो.

२५ जानेवारी २०२१ ला पूल खुला झाला. रिव्हेट आता नाहीत, त्यांची जागा वेल्डिंगनं आणि मोजून आवळलेल्या हाय-स्ट्रेंग्थ बोल्टांनी घेतली आहे. पण आवळून धरण्याचं तत्त्व तेच. थंडीतल्या पहाटेपेक्षा पोलाद मेमधल्या दुपारी ३० अंशांनी तापलं तर हा गर्डर सुमारे २८ मिलिमीटर लांबतो, म्हणून एका टोकाच्या बेअरिंगला सरकायची मुभा ठेवावी लागते. तिथं माती, पानाच्या पुड्या, प्लास्टिक अडकू देऊ नये. पुढे ७ सप्टेंबर २०२१ ला नवे गर्डर बसवून कोपर पूलही सुरू झाला.

चांगल्या इमारतींना आणि पुलांना बक्षिसं दिली जातात, ती आर्किटेक्टच्या आणि कंपनीच्या नावानं. ती द्यावीत. पण आजच्या पुलाच्या कामात नावं मुळात नोंदलेली असतात. प्लेट कुठल्या भट्टीतून आली त्याचा हीट नंबर असतो. प्रत्येक वेल्डच्या शेजारी वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो, आणि त्या नंबरचा माणूस कोण हे क्वालिटीच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. बोल्ट कुणी आवळले, कुणी तपासले, तेही असतं. माझी मागणी एवढीच आहे की पत्री पुलाच्या आणि कोपर पुलाच्या या फाईलींची एकेक प्रत, फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगसकट, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. ते वाचनालय १८६४ पासून आहे, आणि पुढे कधी हा पूल तपासायला येणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी त्या प्रतीची गरज लागेल.